चुकीचे माप आणि देवाचा प्रश्न

विज्ञान आणि देव यांच्यावर वाद सुरू झाला की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. विज्ञान काल एक सांगत होते, आज दुसरे सांगते. न्यूटन चुकला, उद्या आइन्स्टाइनही चुकेल. मग आजच्या विज्ञानाच्या जोरावर आमची श्रद्धा खोटी ठरवण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? हा युक्तिवाद करणारी माणसे अडाणी नसतात, आणि त्याच्या पहिल्या अर्ध्यात तथ्य आहे. विज्ञानाचा इतिहास बऱ्याच अंशी चुकांचाच इतिहास आहे. घोटाळा दुसऱ्या अर्ध्यात होतो. सगळ्या चुका एकाच मापाच्या असतात, असे त्यात न बोलता धरलेले असते.

आयझॅक आसिमोव्ह यांनी १९८६ साली नेमक्या याच गृहीतावर निबंध लिहिला. साहित्याच्या एका विद्यार्थ्याचे पत्र त्याला निमित्त झाले. प्रत्येक शतकाला आपल्याला विश्व कळले असे वाटते आणि पुढचे शतक ते खोटे ठरवते, असा त्या पत्राचा सूर होता. आसिमोव्ह यांचे उत्तर असे की ‘बरोबर’ आणि ‘चूक’ अशा दोन कप्प्यांत ज्ञान बसत नाही. चुकीला आकार असतो आणि पुष्कळदा तो मोजता येतो. त्यांनी उदाहरण घेतले ते पृथ्वीच्या आकाराचे, आणि पुढे जाण्यासाठी त्याहून सोयीचे उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

पृथ्वी सपाट मानली तर एका किलोमीटरवर किती फरक पडतो? सुमारे ८ सेंटिमीटर. हा फरक अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून दहा किलोमीटरवर तो जवळजवळ ८ मीटर होतो. घर बांधणारा गवंडी आजही ओळंबा लावून, पाणसळ बघून, पृथ्वी सपाट धरूनच काम करतो आणि त्याचे घर उभे राहते. म्हणजे सपाट पृथ्वी मानणारे आपले पूर्वज मूर्ख नव्हते. त्यांच्या पायाखालच्या अंतरांसाठी त्यांची चूक फार लहान होती. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिसने आजचे आस्वान आणि अलेक्झांड्रिया येथे दुपारच्या सावलीत वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका फरक आहे हे धरून पृथ्वीचा परीघ काढला. गोल पृथ्वीला माप मिळाले. मग न्यूटनने १६८७ साली सांगितले की फिरणारी पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी असली पाहिजे. फ्रान्समधल्या कासिनी घराण्याच्या मोजणीतून उलट निघत होते, ध्रुवांकडे लांबट पृथ्वी. वाद मिटवायला १७३५ साली एक मोहीम विषुववृत्ताजवळ, आजच्या इक्वेडोरमध्ये गेली आणि पुढच्या वर्षी दुसरी लॅपलँडच्या बर्फात. न्यूटन जिंकला. पण त्याने चपटेपणा २३० भागांत एक धरला होता. आजचा आकडा सुमारे २९८ भागांत एक आहे. विषुववृत्तापाशी आणि ध्रुवांपाशी त्रिज्येत फरक आहे तो २१ किलोमीटरांचा, एकूण ६३७८ किलोमीटरांमध्ये. गोल म्हणणारा चुकला, पण एवढाच. न्यूटन त्याहून कमी चुकला. या सगळ्या प्रवासात पृथ्वी पुन्हा सपाट होण्याची शक्यता कधीच आली नाही.

श्रद्धेच्या प्रश्नासाठी मात्र याच शास्त्रातली दुसरी एक चूक जास्त बोलकी आहे, आणि ती आपल्याच भूमीवर घडली. एकोणिसाव्या शतकात भारताची महान त्रिकोणमितीय मोजणी चालू होती. मुझफ्फरनगरजवळचे कलियाना आणि आजच्या मध्य प्रदेशातले सिरोंजजवळचे कल्याणपूर या दोन ठाण्यांमधले अंतर दोन रीतींनी काढले गेले: एकदा जमिनीवर त्रिकोण जोडत, एकदा ताऱ्यांवरून अक्षांश काढून. दोन्ही उत्तरांत ५.२३६ विकलांचा (विकला म्हणजे कोन मोजण्याचे, अंशाहून फार लहान एकक) फरक आला. सुमारे सहाशे किलोमीटरांत ही तफावत जेमतेम १६० मीटरांची. ती मोजणीतली चूक म्हणून वाटून टाकता आली असती. ती तशी सोडली नाही जॉन हेन्री प्रॅट यांनी, आणि हे प्रॅट होते कलकत्त्याचे आर्चडीकन, चर्चचे मोठे पदाधिकारी. केंब्रिजचे उत्तम गणिती. त्यांनी विचार केला की ताऱ्यांची निरीक्षणे ओळंब्यावर अवलंबून असतात, आणि हिमालयाचा डोंगर ओळंब्याला आपल्याकडे ओढत असणार. हिमालयाच्या वस्तुमानाचा हिशेब त्यांनी मांडला. उत्तर आले १५.८८५ विकला. म्हणजे हिमालयाने जेवढे ओढायला हवे होते त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकेच तो ओढत होता. १८५५ साली जॉर्ज एअरी यांनी खुलासा सुचवला की पर्वतांखाली हलक्या खडकाची खोल मुळे असतात. प्रॅट यांनी नंतर वेगळा खुलासा दिला, घनतेतल्या फरकाचा. भूकवच तरंगत्या समतोलात असते हे आजचे भूशास्त्र पाच विकलांच्या त्या चुकीतून उगवले. एअरी आणि प्रॅट दोघेही काही अंशी बरोबर ठरले. पर्वतरांगांना एअरींचा खुलासा अधिक लागू पडतो, मध्य-महासागरी रांगांना प्रॅट यांचा.

याच प्रॅट यांनी १८५६ साली बायबल आणि विज्ञान यांच्यात विरोध नाही असे मांडणारे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांची भूमिका अशी की दोहोंत विरोध दिसतो तेव्हा एक तर विज्ञान कच्चे असते किंवा ग्रंथाचा अर्थ लावताना चूक झालेली असते. ग्रंथ स्वतः चुकत नाही. एकच माणूस, एकच बुद्धी, जवळजवळ एकच वर्ष. ओळंब्याच्या बाबतीत पाच विकलांनीही त्याला अस्वस्थ केले. ग्रंथाच्या बाबतीत मात्र कितीही मोठी तफावत आली तरी ती सामावून घेण्याची तजवीज आधीच केलेली होती. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही, आणि म्हणूनच ते मला महत्त्वाचे वाटतात. ओळंब्याबद्दलचे विधान किती विकलांनी चुकले हे सांगता येत होते. दुसऱ्या विधानाला ते मापच लावू दिलेले नव्हते.

ही फूट एकट्या प्रॅट यांची नव्हे. आर्यभटाने ४९९ साली ग्रहणे सावल्यांमुळे होतात हे स्पष्ट लिहिले. शंभरहून अधिक वर्षांनी ब्रह्मगुप्ताने ग्रहणाचे गणित सावलीच्या आधारानेच केले आणि त्याच ग्रंथात राहूला नाकारणाऱ्यांवर टीकाही केली, कारण स्मृतींचे वचन. अकराव्या शतकात अल्‌बिरूनीने हा विरोध नेमका पकडला आणि एवढा मोठा गणिती असे का लिहितो याबद्दल त्याला खेद वाटला.

विज्ञानाच्या सगळ्या चुका पाच विकलांच्या असतात, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. लॉर्ड केल्विन यांनी १८६२ साली पृथ्वीचे वय २ ते ४० कोटी वर्षे काढले आणि १८९७ पर्यंत ते २ ते ४ कोटींवर आणले. खरे वय ४५४ कोटींच्या आसपास. शंभरपटींहून मोठी चूक, आणि तीही त्या काळच्या सर्वश्रेष्ठ भौतिकशास्त्रज्ञाची. त्यांचे गणित बरोबर होते. पृथ्वीच्या पोटात उष्णता घन खडकातून वाहते तशीच वाहते हे गृहीत चुकीचे होते, आणि ते त्यांचेच एके काळचे सहायक जॉन पेरी यांनी १८९५ सालीच दाखवून दिले होते. ल व्हेरिए यांनी युरेनसच्या कक्षेतल्या गडबडीवरून नेपच्यूनची जागा सांगितली आणि १८४६ साली बर्लिनच्या वेधशाळेला तो एका अंशाच्या आत सापडला. बुधाच्या कक्षेतल्या गडबडीवरून त्यांनी त्याच पद्धतीने ‘व्हल्कन’ हा ग्रह सुचवला, आणि तो कुठेच नव्हता. शतकामागे ४३ विकलांचा तो फरक शेवटी १९१५ साली आइन्स्टाइनच्या नव्या गुरुत्वाकर्षणाने भरून काढला.

इथे तत्त्वज्ञांचा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. १९६२ साली थॉमस कून यांनी म्हटले की मोठ्या क्रांतीत नुसते आकडे सुधारत नाहीत, जगात काय काय आहे याचे चित्रच बदलते. १९८१ मध्ये लॅरी लाउडन यांनी एके काळी यशस्वी ठरलेल्या आणि नंतर टाकून दिलेल्या कल्पनांची यादीच दिली: फ्लॉजिस्टन, उष्णतेचा द्रव, प्रकाशाचा ईथर. ईथर थोडासा चुकीचा होता असे कसे म्हणणार? तो नव्हताच. जॉन वॉरल यांनी १९८९ मध्ये याला जे उत्तर दिले ते मला सर्वांत पटते. फ्रेनेल यांनी ईथर धरून प्रकाशाच्या परावर्तनाची जी समीकरणे काढली, ती मॅक्सवेलच्या सिद्धान्तातून ईथरवाचूनही निघतात. वस्तू गेली, नाते टिकले. त्यामुळे आसिमोव्ह यांचे म्हणणे थोडे आखडते घ्यावे लागते. चूक लहान होत जाते ती राशींच्या परस्परसंबंधांत. जगात काय आहे याबद्दलच्या कल्पना मात्र एखाद्या दिवशी अख्ख्या फेकून द्याव्या लागतात. श्रद्धावंताने विज्ञानावर आक्षेप घ्यायचाच तर इथे घ्यावा. ‘रोज बदलते’ या तक्रारीपेक्षा हा आक्षेप कितीतरी भक्कम आहे.

याची उलट बाजूही बघावी. आपल्या परंपरेत ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा मानतात, आणि तो आकडा पृथ्वीच्या वयाजवळ येतो म्हणून ऋषींना सारे ठाऊक होते असे अभिमानाने सांगितले जाते. पण कल्प म्हणजे पृथ्वीचे वय नव्हे. त्याच हिशेबाने चालू कल्पाची सुमारे १९७ कोटी वर्षेच सरली आहेत. त्याहून मोठा मुद्दा असा की हा आकडा खडकांवरून आलेला नाही. तो ४४ कोटी किंवा ४३०० कोटी असता तरी परंपरेत काहीही बिघडले नसते. १९५६ साली क्लेअर पॅटरसन यांनी शिशाच्या समस्थानिकांवरून ४५५ कोटी हा आकडा काढला, तो किती कमीजास्त असू शकतो हेही सांगून. केल्विन शंभरपट चुकूनही या उत्तराच्या वाटेवर होते. कल्पाचा आकडा जवळ असूनही त्या वाटेवर नाही.

आता देव. ‘देव आहे का?’ या प्रश्नाला हे माप लावताना पहिली अडचण येते ती अशी की तो एक प्रश्न नाही. जग कोणी तरी घडवले, तो अजूनही त्यात हात घालतो, नवसाला पावतो, पापाची शिक्षा म्हणून धरणी हलवतो, आणि या सगळ्यापलीकडे तो अस्तित्वाचा आधार आहे, अशी वेगवेगळी विधाने त्या एका शब्दाखाली एकत्र राहतात. यांतल्या काहींना माप लागते, काहींना लागत नाही.

घडवणाऱ्याच्या अनुमानाची सर्वांत कसदार मांडणी भारतात उदयनाने ‘न्यायकुसुमांजली’त केली: घट हे कार्य आहे म्हणून त्याला कर्ता असतो, तसेच पृथ्वी वगैरेंनाही कर्ता हवा. या अनुमानावरची टीकाही इथलीच. बौद्धांनी, जैनांनी आणि वेद मानणाऱ्या कुमारिल भट्टानेही विचारले की कुंभाराला शरीर असते, तुमच्या कर्त्याला आहे का? एका घराला अनेक कारागीर लागतात, मग जगाचा कर्ता एकच कशावरून? न्यायशास्त्राने हेत्वाभासांचे पाच प्रकार लावून ठेवले होते. हेतू नेमका कुठे फसतो हे त्यांच्याइतक्या बारकाईने फार थोड्या परंपरांनी पाहिले. पण त्यांनी चुकीचा प्रकार पाहिला, आकार मोजला नाही. म्हणून तो वाद शतकानुशतके चालूनही कोणत्याही बाजूला सरकला नाही, हे माझे मत.

आकार मोजता येईल अशा जागी देवाला प्रथम ठामपणे आणून बसवले ते न्यूटनने. ग्रह एकमेकांना ओढतात, त्याने कक्षांत बिघाड साचत जाईल आणि कधी तरी ती रचना पुन्हा नीट करावी लागेल, असे त्याने लिहिले. आपल्याच यंत्राला वारंवार दुरुस्त करावे लागणारा देव लाइबनिट्सला हीन वाटला. १७८५ साली लाप्लास यांनी दाखवले की गुरू आणि शनी यांच्या गतीतला साचत जाणारा वाटणारा फरक सुमारे नऊशे वर्षांच्या आवर्तनात येतो आणि जातो. देवाची तिथली जागा गेली. पण गोष्ट तिथे संपत नाही. १९८९ साली जाक लास्कर यांनी दाखवले की आतल्या ग्रहांच्या कक्षा दीर्घ काळात अराजकीच आहेत. पुढे २००९ मध्ये त्यांच्या गणितात, येत्या ५०० कोटी वर्षांत बुधाची कक्षा बिघडून आतली ग्रहमाला विस्कटण्याची शक्यता सुमारे एक टक्का निघाली. न्यूटनची काळजी काही अंशी खरी होती, आणि तरीही त्या खिंडारात देव परतला नाही. डीट्रिख बॉनहॉफर या जर्मन धर्मवेत्त्याने १९४४ साली नाझी तुरुंगातून लिहिले की ज्ञानातल्या फटी बुजवायला देवाचा वापर करणे चूक आहे, कारण फटी आकसत जातात आणि त्यांच्याबरोबर देवही मागे हटत राहतो. हे एका श्रद्धावंताचे म्हणणे आहे.

हात घालणारा देव मात्र सरळ तपासता येतो. २००६ साली अमेरिकेत हृदयावर बायपास झालेल्या १८०२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रार्थना होईल की नाही हे नक्की ठाऊक नसलेल्या दोन गटांत, प्रार्थना झालेल्यांपैकी ५२ टक्क्यांना गुंतागुंत झाली आणि न झालेल्यांपैकी ५१ टक्क्यांना. आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे ज्यांना नक्की सांगितले होते, त्यांच्यात ५९ टक्क्यांना. पुण्यात जयंत नारळीकर यांनी नरेंद्र दाभोलकर आणि इतरांसह फलज्योतिषाची अशीच चाचणी घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाने चाळीस कुंडल्या पाहून मूल कोणत्या गटातले ते सांगायचे होते. उत्तरे पाठवणाऱ्या २७ ज्योतिषांची सरासरी बरोबर उत्तरे ४६ टक्के निघाली. नाणे उडवले असते तरी ५० आली असती.

यावर श्रद्धावंत म्हणतो की देवाची परीक्षा घ्यायची नसते. त्याला तसे म्हणण्याचा पूर्ण हक्क आहे. मात्र मग नवस फळाला आला तेव्हा ते देवाच्या अस्तित्वाचे प्रमाण म्हणून मोजण्याचा हक्क राहत नाही. दोन्ही हक्क एकाच वेळी ठेवले की विधान कोणत्याही घटनेला पुरून उरते, आणि तसे विधान लहान चुकीचे किंवा मोठ्या चुकीचे ठरण्याच्या पलीकडे जाते.

याची सर्वांत वेदनादायक साक्ष १९३४ सालची आहे. १५ जानेवारीला बिहार भूकंपाने उद्ध्वस्त झाला आणि अस्पृश्यता निवारणाच्या दौऱ्यावर असलेल्या गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाचा दंड असल्याचे म्हटले. रवींद्रनाथ अस्पृश्यतेविरुद्ध गांधीजींच्याच बाजूचे, पण त्यांनी जाहीर हरकत घेतली. निसर्गातल्या उत्पातांची कारणे निसर्गातच असतात. शिवाय हाच तर्क सनातनी गांधीजींवर उलटवू शकतात. गांधीजींनी उत्तरात मान्य केले की आपण हा संबंध सिद्ध करू शकत नाही, पण आपल्यासाठी ती जिवंत श्रद्धा आहे. हेतू इतका शुद्ध असतानाही रवींद्रनाथांचा आक्षेप मला बिनतोड वाटतो. जो भूकंप दोन उलट पापांची सारखीच साक्ष देतो, तो कोणत्याच पापाची साक्ष देत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनानंतर, किल्लारीची जमीन हलली आणि हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. तेव्हाच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात तो भाग सर्वांत सुरक्षित अशा पहिल्या क्षेत्रात होता. दख्खनचे पठार स्थिर आहे, हा समज १९६७ च्या कोयनेच्या भूकंपानंतरही पुरता गेलेला नव्हता. ही विज्ञानाची चूक होती आणि ती आकड्यांतली नव्हती, त्या नकाशाने माणसे गाफील राहिली. २००२ साली पहिले क्षेत्रच रद्द झाले आणि लातूर-उस्मानाबादचा भाग तिसऱ्या क्षेत्रात गेला. घर किती मजबूत बांधायचे याचे नियम त्यानुसार बदलले. ‘कोणाचे पाप फळले’ या उत्तराने एकाही घराचा पाया बदलला नसता.

उरतो तो कोणताही भौतिक दावा न करणारा देव. आळंदीहून पंढरपूरला चालत जाणारा वारकरी गृहीतक तपासायला निघालेला नसतो, आणि त्याच्या चालण्याला विकलांचे माप लावायला जाणे हाही एक प्रकारचा अडाणीपणाच होय. महात्मा फुल्यांनी ‘निर्मिक’ मानला, पण त्याच्या आणि माणसाच्या मधले दलाल, ग्रंथाचे अपौरुषेयत्व आणि जन्माची उतरंड काढून टाकली. श्रद्धेलाही दुरुस्त होता येते याचा इतका स्वच्छ दाखला दुसरा नाही. आगरकर त्यापुढे जाऊन अज्ञेयवादापाशी थांबले. डॉ. श्रीराम लागूंनी देवाला निवृत्त करा असे थेट म्हटले, आणि त्याच व्यासपीठावर दाभोलकर सांगत की अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा देव मानण्याला विरोध नाही, देवाच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे. तर्काची रेघ शेवटपर्यंत ओढली तर ती लागूंपाशी जाते, असे अनेकांना वाटते. मला दाभोलकरांनी काढलेली रेघ अधिक नेमकी वाटते, कारण ती ज्या जागी विधानाला परिणाम फुटतात आणि माप लागते तिथेच काढलेली आहे.

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा केला. त्याच्या अनुसूचीत देव आहे की नाही याबद्दल एक अक्षर नाही. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून रोखून त्याच्यावर मंत्रतंत्र करणे हा गुन्हा आहे, असे मात्र तिथे स्पष्ट लिहिले आहे.